नांगर झाळायचा असेल तर पाणबुडीवाल्या काकांकडेच न्या, पण दोन दिवस हातात ठेवा

आर्वीवरून पुलगावकडे येताना रोडला लागून एक टिनाचं शेड आहे, बोर्ड वगैरे काही नाही, पण पाणबुडीवाले काका म्हटलं की कोणीही दाखवते. काकांनी मुंबईला माझगावच्या गोदीत वेल्डिंग केलं, नौदलाच्या कलवरी जातीच्या पाणबुड्या बनून राहिल्या होत्या तेव्हा ते तिथंच होते, आता रिटायर होऊन गावी आले.

माझ्या पलटी नांगराचा दांडा एप्रिलमध्ये तुटला. आधी दुसरीकडे नेला, त्यांनी अर्ध्या तासात झाळून दिला, २०० रुपये, दिसायला एकदम चकाचक, आणि तिसऱ्या दिवशी अर्धा एकरही झाला नाही तर परत कट्टकन गेला. झालीवर, म्हणजे वेल्डिंगच्या जोडावर, नाही बरं का, झालीच्या बाजूला.

काकांनी तुकडा हातात घेतला, तुटलेल्या तोंडावर बोट फिरवलं आणि काठाची गंजलेली बारीक पट्टी दाखवली. म्हणे, "हा तडा पहिलेच आला होता बाप्पा, तू वावरात फक्त तोडला."

मग समजावून सांगितलं. कडक पोलादाले वेल्डिंगचा दमट रॉड चालत नाही, रॉडच्या कोटिंगमधल्या ओलीतून हायड्रोजन सुटतो, वितळलेल्या धातूत शिरतो, आणि बाजूचं पोलाद झटक्यात थंड होऊन ठिसूळ झालं की तिथं तडा पाडतो, कधी तासाभरानं तर कधी दोन दिवसांनी. पाणबुडीच्या पोलादाची हीच मोठी भीती. साधं लोखंड २५० मेगापास्कल (ताणाचं माप) च्या आसपास वाकायला लागते, अमेरिकेच्या पाणबुड्यांतलं एचवाय-८० नावाचं पोलाद साधारण ५५० ला, आणि जेवढं ताकदीचं तेवढं झाळायला नाजूक. ३०० मीटर खोल गेलं की बोटीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३० किलोचा भार, आत माणसं असतात, म्हणून तिथं झाल मारून झाली की लगेच पास करत नाहीत, थांबतात आणि मग तपासतात.

माझ्या नांगरालेही तेच केलं त्यांनी. ७०१८ नंबरचे, कमी हायड्रोजनवाले रॉड ओव्हनमधून गरम काढले. बाहेर ४५ डिग्री ऊन, दांड्याला हात लावता येत नव्हता, तरी गॅसच्या टॉर्चनं अजून तापवलाच, ठरलेल्या टेम्परेचरला वितळणारा खडू ओढत राहिले, खडू वितळला तेव्हाच झाळायला घेतलं. झाल्यावर हळूहळू थंड व्हायला चुलीच्या राखेत दाबून ठेवला. नांगरटी अडली होती, मी म्हटलं काका संध्याकाळी नेतो, तर सरळ नाही म्हणाले, मला खरंच राग आला होता तेव्हा.

तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर तडा शोधायचं लाल औषध लावलं, पुसलं, वरून पांढरा स्प्रे मारला आणि पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली, एका टोकाला, नखाएवढी. मला ती दिसलीही नसती. काकांनी तेवढा भाग ग्राइंडरनं खोदून काढला, परत तापवून परत भरला, अजून दोन दिवस ठेवून घेतला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

एकूण ९०० रुपये लागले. महाग वाटेल, पण त्याच नांगरानं नंतर अकरा एकर झालं आमचं, दांडा जसाच्या तसा. जानेवारी २०२५ मध्ये कलवरी जातीची वाघशीर पाणबुडी नौदलात आली तेव्हाचा फोटो शेडमध्ये चिकटवला आहे, त्यातल्या बोटीवर बोट ठेवून काका आपलं काम कुठं होतं ते दाखवतात. जाताना आधी फोन करा, दुपारी दोन ते चार बंद असते.