जबड्याचं ऑपरेशन: डॉक्टरांना पाच स्टार, बिलिंगच्या खिडकीला एक

माझा खालचा जबडा लहानपणापासूनच पुढे. समोरच्या दातांनी पोळीचा घास कधी तुटलाच नाही. गेल्या डिसेंबरात, चोविसाव्या वर्षी, रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन केलं. (डिसेंबर मुद्दाम. नागपूरच्या मेमध्ये सुजलं तोंड घेऊन कोण बसेल?) नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे.

सरांनी पहिल्याच भेटीत माझ्या दातांचं प्लास्टरचं मॉडेल हातात देऊन समजावलं. वरच्या जबड्याला दातांच्या मुळांच्या वरून आडवा काप, त्याला लेफोर्ट वन म्हणतात. खालच्याला दाढांच्या मागे हाड चिरून आतली-बाहेरची अशा दोन फळ्या करायच्या आणि एकीवरून दुसरी सरकवायची. मला दोन्ही लागले. हनुवटीचं ऑपरेशन वेगळं असतं. "ते तुला नको, उगाच खर्च," म्हणाले. तिथेच विश्वास बसला. सगळे काप तोंडाच्या आतून, हाडं टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी धरलेली.

त्याआधी दीड वर्ष तारा. दात आपापल्या जबड्यावर सरळ उभे केले की चावा आधी आणखीच वाकडा दिसतो. मावशी म्हणाली, "पैसे देऊन पोट्टीचं तोंड बिघडवून राहिले का?"

खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते, बधिरपणा राहू शकतो, हेही सरांनी आधीच सांगितलं होतं. आठ महिने झाले, हनुवटीचा उजवा कोपरा अजून झोपलेलाच. ताक ओघळलं तर बहीण खूण करते.

आता तक्रार. डिस्चार्जच्या कागदावर खाण्याबद्दल फक्त 'लिक्विड डाएट'. काय, किती, कितीदा, काही नाही. आईनं वरणाचं पाणी, नाचणीची पेज, शेवटी पातोडीचा रस्सासुद्धा गाळून सिरिंजनं पाजला. तरी सहा किलो उतरले.

आणि खर्चाच्या अंदाजात पट्ट्या-स्क्रू नव्हतेच! ते डिस्चार्जच्या दिवशी बिलात उगवले. माझा जबडा रबरांनी बांधलेला, मी काय भांडणार? बाबा भांडले. विमा कंपनी आधी हे सौंदर्यासाठीच म्हणत होती. चावता येत नव्हतं असं पत्र सरांनी एका दिवसात दिलं. मग कंपनीनं पट्ट्यांच्या पाकिटावरचं स्टिकर मागितलं. ते बिलिंगवाल्यांकडे आहे. तीनदा जाऊन आले, दर वेळी "उद्या या".