नद्यांचा नकाशा की १९१९ ची वृत्तपत्रे?
कृष्णवर्णीय कवींच्या कविता वर्गात शिकवण्याचे दोन उपक्रम समोर आहेत. त्यांपैकी लँग्स्टन ह्यूज यांच्या १९२१ मधील नद्यांवरील कवितेतील युफ्रेटिस, काँगो, नाईल आणि मिसिसिपी नकाशावर दाखवण्याचा उपक्रम लहान वर्गांना मानवतो. मात्र त्यात येणाऱ्या अब्राहम लिंकन यांच्या न्यू ऑर्लिन्स प्रवासामागचा गुलामांचा बाजार शिक्षकाने उलगडला नाही, तर तो निव्वळ भूगोलाचा तास ठरतो. दुसरा उपक्रम क्लॉड मॅके यांच्या कवितेचा. त्यांचे ‘इफ वी मस्ट डाय’ हे सुनीत जुलै १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्याअखेरीस उसळलेल्या शिकागोच्या वांशिक दंगलीत ३८ जण मृत्युमुखी पडले. त्या काळातील बातम्या शेजारी ठेवून ते वाचले, की चौदा ओळींत वंशाचा उल्लेख एकदाही का नाही, या प्रश्नावर खरी चर्चा रंगते. वेळ अधिक लागतो, हे खरे. तरीही माध्यमिक वर्गासाठी मी हाच दुसरा उपक्रम निवडेन.