एंजलफॉल: इथे देवदूत तारायला येत नाहीत

‘एंजलफॉल’पासून सुरू होणाऱ्या सुझन ई यांच्या या कादंबरी-त्रयीत (२०११, २०१३, २०१५) देवदूत उतरतात ते जग मोडायला. हल्ल्याला सहा आठवडे उलटलेत, सिलिकॉन व्हॅलीत टोळ्यांचं राज्य आहे. सतरा वर्षांच्या पेनरिनची धाकटी, व्हीलचेअरवरची बहीण पळवली जाते आणि वाटाड्या मिळतो तो पंख छाटलेला देवदूत राफी. तो स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे ठाऊक नाही असं मानणारा, म्हणवतो!

पहिला भाग सर्वांत घट्ट. निवेदन प्रथमपुरुषी, वर्तमानकाळातलं. पेनरिनला दिसतं तेवढंच आपल्याला कळतं, त्यामुळे धर्मशास्त्राची व्याख्यानं टळतात आणि धास्ती टिकते. मानसिक आजार असलेली आई तर अफलातून उतरली आहे: कधी ओझं, कधी हुकमी पत्ता. प्रेमकथा मुद्दाम मंद आचेवर ठेवली आहे, तेही बरंच.

दुसऱ्या भागात पकड ढिली पडते. नायक-नायिका बराच काळ वेगळे राहतात आणि राफीच्या आठवणी तलवारीतून दिसण्याची युक्ती सोयीची वाटते. तिसऱ्यात लढाया फार.

भाग क्रमानेच वाचा, मधूनच उचलला तर काही कळणार नाही. शरीरावरच्या प्रयोगांची वर्णनं चांगलीच किळसवाणी आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना देण्याआधी पहिल्या भागाचा शेवट स्वतः वाचून पाहा.