जानेवारीत ओरडलेला पावशा आणि माझे ११,३५० रुपये

जाहिरात बघून वापरलेला आवाजाचा रेकॉर्डर घ्यायला गेले आणि फसले. रक्कम आधीच सांगते. टोकनचे १,०००, उरलेले ८,५००, कुरिअरच्या विम्याचे १,८५०. एकूण ११,३५० रुपये. १० आणि ११ जानेवारी २०२५ या दोन दिवसांत, माझ्याच बोटांनी, माझाच पिन टाकून गेले. महिनाभर घरात कुणाला सांगितलं नाही. आता लिहितेय, कारण तोच माणूस अजून विकतोय.

मी बडोद्याची. एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते आणि हिवाळ्यात जमेल त्या रविवारी पहाटे वढवाण्याला जाते. डभोई तालुक्यातला हा गायकवाडी काळातला तलाव २०२१ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला, तेव्हापासून तिथे फोटोवाल्यांची गर्दी वाढलीय. मला मात्र आवाज हवे होते. उजाडताना पट्टकादंब हंसांचा थवा पाण्यावरून उठतो, तो आवाज फोनमध्ये मावत नाही. फोन आपल्या मनाने पातळी वरखाली करतो, मागची शांतता गोंगाट समजून पुसतो, आणि थवा डोक्यावर आला की आवाज फाटतो.

दोन वर्षं मी रेकॉर्डरबद्दल वाचत होते, पैसे बाजूला टाकत होते. टास्कॅमचा डीआर-०५एक्स, झूमचा एच-वन-एन, असे लहान रेकॉर्डर मला परवडत होते. तरी मन झूमच्या एच-फाइव्हवर बसलं होतं. त्याला पुढे कधी चांगला माइक घेतला तर एक्सएलआरने, म्हणजे व्यावसायिक माइकच्या तीन पिनांच्या जोडणीने, जोडता येतो, अशा माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा आहे, आणि आवाजाची पातळी अंगावरच्या चकत्या फिरवून ठरते. पहाटेच्या अंधारात मेनू उघडत बसावं लागत नाही. नवा मला झेपणारा नव्हता, म्हणून वापरलेला शोधत होते. जाहिरातीतली ९,५०० ही किंमत चार वर्षांच्या यंत्राला शोभेल अशीच होती. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘स्वस्ताला भुललीस’ हे पाच जणांनी मला ऐकवलंय. मी स्वस्ताला भुलले नाही.

मी मराठीला भुलले. जाहिरात देणाऱ्याला फोन केला. उचलताच तो म्हणाला, “ताई, तुम्ही बडोद्याच्या? माझी आत्या दांडिया बाजारात राहायची.” पुण्यात साउंड शिकलो, आता कॅनडाला निघालोय, सगळं सामान काढतोय. बोलणं इतकं स्वच्छ आणि घरचं, की सुरसागरच्या काठावर भेटलेल्या ओळखीच्या मुलाशी बोलल्यासारखं वाटलं. गुजराती नाही, हिंदी नाही, मराठी बोलतोय ना, मग आपलाच असणार. बडोद्यातल्या आपल्या लोकांना हे नीट कळेल. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तरी फोनवर कुणी ‘ताई’ म्हटलं की लगेच विरघळतो. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

आता तो क्षण.

मी नमुना मागितला. त्याने एकेचाळीस सेकंदांची आवाजाची फाईल पाठवली आणि लिहिलं, “परवाच वढवाण्याला केलंय, ताई. ऐका किती स्वच्छ आहे.” मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं. पाण्याची चुळबुळ, दूरवर बेडूक, आणि बाराव्या सेकंदाला पावशा पक्षी: पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, एकेक पायरी वर चढत गेलेला.

जानेवारीत! पावशा तापत्या उन्हात सुरू होतो आणि पावसाळाभर ओरडतो. ऐन थंडीत तो असा गळा काढत नाही, आणि बेडकांचा असा गजर तर नाहीच नाही. ‘पेर्ते व्हा’ म्हणजे काय हे मला आजीने शिकवलंय. पक्ष्यांच्या याद्या मी लिहिते, नवख्यांना मी आवाज ओळखायला शिकवते. आणि तरी तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, ‘वा, मागे खरखर अजिबात नाही.’ मी आवाजाचा दर्जा ऐकत बसले, आवाज ऐकलाच नाही. रात्री झोपताना आजही ते बारावं सेकंद कानात वाजतं.

दुसरी खूणही समोरच होती. जाहिरातीत ‘१२८ जीबीचं कार्ड फुकट, याच मशीनमध्ये वापरलेलं’ असं होतं. एच-फाइव्ह ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं घेतो, हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलंय आणि ती मी दोनदा वाचली होती. त्याने ते यंत्र कधी हातात धरलेलं नव्हतं.

१० तारखेला ९,५०० दिले. ११ ला म्हणाला, विम्याचे १,८५० भरा, पार्सल मिळालं की परत येतात. भरले. १३ ला निरोप आला, “उत्तरायणामुळे गाडी अडकलीय, १६ ला नक्की.” १४ आणि १५ ला सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर होतं, घरात पाहुणे, उंधियूची पातेली. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. १६ ला त्याने ‘टॅक्स’चे आणखी ३,२०० मागितले, तेव्हा माझे हातपाय गार पडले. मी नकार दिला आणि पाच मिनिटांत त्याने मला ब्लॉक केलं.

त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पण सहा दिवस उलटले होते. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता आले तरच काही उपयोग, म्हणून संशय आला त्याच तासाला १९३० लावा. नातेवाइकांना, मित्रांना नंतर सांगा. लाजेपायी थांबू नका.

मग बँक. मी रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम छापून नेला होता, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं त्यात वाचलं होतं. काउंटरवरच्या मुलाने कागद वाचलाही नाही. “मॅडम, पिन तुम्ही टाकलात, हा अनधिकृत व्यवहार नाही.” आणि वर तीन दिवसही उलटून गेलेत. नियमाच्या भाषेत त्याचं बरोबर असेलही. पण ज्या खात्यात पैसे गेले ते कुठल्या तरी बँकेने कागदपत्रं तपासूनच उघडलं ना? ते कुणाचं, एवढं तरी विचारा म्हटलं, तर लेखी अर्ज द्या. अर्ज दिला. एकोणीस दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात माझं आडनावही चुकलेलं.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्ताला गेलेले. दुसऱ्या वेळी एकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बेन, पैसा तमे जाते ज मोकल्या ने?” म्हणजे, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना? मी हो म्हटलं. मागे बाकावर बसलेले दोघे हसले. त्या हसण्याचं मी काय करायचं? चोर तो, आणि मान मी खाली घालायची? तिसऱ्या वेळी म्हणाले, नंबर राजस्थानचा दिसतो, तिकडे तक्रार करा. मी सांगितलं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. उत्तर मिळालं, “एवढ्याशा रकमेसाठी?” एवढीशी रक्कम मी दोन वर्षं साठवत होते. त्यात लहान नवा रेकॉर्डर बिलासकट घरी आला असता, आणि तो हिवाळा वाया गेला नसता.

वापरलेलं यंत्र घ्यायचंच असेल तर व्हिडिओ कॉलवर चालू करायला लावा, आजची तारीख आणि तुमचं नाव त्यातच बोलून रेकॉर्ड करायला सांगा आणि ती मूळ वेव्ह फाईल मागा. बॅटरीचं झाकण उघडून दाखवायला सांगा, गंज तिथेच दिसतो. प्रत्यक्ष भेटूनच पैसे द्या. परगावचा माणूस असेल तर तिथल्या कुणाला तरी पाठवा. विमा, टॅक्स, परत मिळणारी अनामत यांपैकी कुठलाही शब्द आला की बोलणं तिथेच तोडा. कार्ड फुकट मिळालं तरी ते काठोकाठ भरून, परत वाचून तपासल्याशिवाय रानात नेऊ नका. नकली कार्ड आकडा मोठा दाखवतं आणि निम्म्यातच आवाज गिळतं. नमुना आला तर आधी ऋतू ऐका.

मार्चमध्ये आमच्या गटातल्या एका मुलीला रेकॉर्डरच्या जाहिरातीवरून नमुना आला. नाव दुसरं, गाव नाशिक, किंमत ८,८००. तिने फाईल मला पाठवली. एकेचाळीस सेकंद. बाराव्या सेकंदाला पावशा, अडतिसाव्याला दूरवरून जाणारी मोटारसायकल. फोटोत यंत्राखाली निळ्या चौकटीचं टेबलक्लॉथ आहे, उजव्या कोपऱ्याला चहाचा डाग. त्या जाहिरातीची तक्रार मी अ‍ॅपवर चार वेळा केली. हे लिहितानाही ती तिथेच आहे.