खिद्रापूरची एक दिवसाची गाईड ट्रिप: जावा, पण डबा घेऊन

कोल्हापूरच्या दसरा चौकातनं बस सातला सुटणार म्हणालेले, हलली पावणेआठला, असो. पण गाईड पोरगा लय भारी. कोपेश्वर मंदिर शिलाहार राजांनी 12व्या शतकात बांधायला घेतलं, पुढं यादव राजा सिंघणाचा शिलालेखपण आहे, एवढं दोन मिनिटात उरकलं आणि सरळ स्वर्गमंडपात नेऊन म्हणाला वर बघा, तर छताला मधोमध गोल आभाळच की ओ! खाली तेवढीच गोल शिळा, तिच्याभोवती 12 खांब, मंडपाचे एकूण 48, आणि एकाच खांबात चौकोनी, आठ कोनी, गोल असे टप्पे, हात लावला तर अजून गुळगुळीत. बाहेर खाली हत्तींची रांग आहे, त्यातल्या बऱ्याच सोंडा तुटल्यात, वाईट वाटतं. आणि गंमत म्हणजे महादेवासमोर नंदीच नाही, तो म्हणे नदीपलीकडं यडूरला.

जेवण मात्र बोगस, तांबडा रस्सा म्हणून कोल्हापूरकरांना लाल पाणी वाढायचं म्हणजे धाडसच. आणि मंदिराला दीडच तास, हॉटेलवर दोन! 5 पैकी 4 स्टार, एक रश्श्याचा कापला.