सोप, रेस्ट, ग्राफक्यूएल, जीआरपीसी: सिस्टीम जोडणाऱ्याचा रिव्ह्यू

ईआरपी (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर), सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं), गोदामाचं सॉफ्टवेअर, बँक आणि सरकारी पोर्टल यांना एकमेकांशी बोलायला लावणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हा रिव्ह्यू नवीन ॲप बनवणाऱ्यांसाठी नाहीये हे आधीच सांगतो. सोप, रेस्ट, ग्राफक्यूएल आणि जीआरपीसी म्हणजे सिस्टीमनी एकमेकांशी डेटाची देवाणघेवाण करायच्या चार पद्धती.

सोपला सगळे नावं ठेवतात. त्यातलं एक्सएमएल (टॅगमध्ये गुंडाळलेला डेटा) बघून डोळे दुखतात हे खरंय, पण डब्ल्यूएसडीएल फाईल (सर्व्हिसचं नेमकं वर्णन) हातात आली की जावा, डॉटनेटमध्ये क्लायंट कोड आपोआप तयार होतो आणि कुठलं फील्ड सक्तीचं यावर समोरच्या टीमशी भांडत बसावं लागत नाही. बँक सोपच देत असेल तर गुपचूप घ्या, मध्ये एक अडॅप्टर (भाषांतर करणारा छोटा कोड) टाका आणि ते एक्सएमएल बाकी कोडमध्ये शिरू देऊ नका. बाकी एक्सएमएल म्हणजे जुनाट असंही काही नाही, आपलं यूपीआय आतून सही केलेल्या एक्सएमएलवरच चालतं.

रेस्ट माझी पहिली पसंती. म्हणजे लोक ज्याला रेस्ट म्हणतात ते, एचटीटीपीवरून जेसन (एक्सएमएलपेक्षा सुटसुटीत डेटा फॉरमॅट). रेस्टचे जनक रॉय फील्डिंगसाहेबांनी २००० साली थिसिसमध्ये मांडलेलं हायपरमीडिया (उत्तरातच पुढच्या लिंक देणं) वगैरे फारसं कुणी करत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. फक्त वेंडरकडून ओपनएपीआयची फाईल (सर्व्हिसचं मशीनला वाचता येणारं वर्णन) मागून घ्या, पीडीएफवर समाधान मानू नका. खाते नंबर स्ट्रिंगमध्येच पाठवा, नाहीतर सुरुवातीचे शून्य गायब.

खरी मारामारी वेगळीच असते. रिक्वेस्ट गेली, टाइमआउट झाला, आता ऑर्डर तिकडे पडली की नाही? परत पाठवली तर दोनदा पडणार का? हा प्रश्न चारही टेक्नॉलॉजीत तसाच राहतो, आणि मीटिंगमध्ये नेमका हाच कोणी विचारत नाही, रेस्ट की ग्राफक्यूएल यावर मात्र दोन तास. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसचं डिझाइन मला इथे आवडतं: आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) हा पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर), आर्थिक वर्ष, डॉक्युमेंटचा प्रकार आणि नंबर यांवरून काढलेला ६४ अक्षरी हॅश (त्याच माहितीवरून दरवेळी तोच येणारा कोड), त्यामुळे तेच बिल परत गेलं तर डुप्लिकेट म्हणून परत येतं, दुसरा आयआरएन बनत नाही. वेंडर निवडताना हे आधी बघा.

जीआरपीसी जबरदस्त फास्ट आहे, एचटीटीपी/२ आणि प्रोटोबफ (आटोपशीर बायनरी फॉरमॅट), पण स्वतःच्याच सर्व्हिसेसमध्ये. ब्राउझरमधून सरळ बोलता येत नाही, मध्ये प्रॉक्सी (भाषांतर करणारा सर्व्हर) लागतो, आणि बाहेरच्या पार्टीला प्रोटो फाईल (जीआरपीसी सर्व्हिसचं वर्णन) दिली की पहिला प्रश्न येतो, "पोस्टमनमध्ये कसं टेस्ट करू?" (पोस्टमन म्हणजे रिक्वेस्ट पाठवून बघायचं टूल.)

ग्राफक्यूएल २०१५ ला फेसबुकने ओपन-सोर्स केलं. हवी तेवढीच फील्ड मागता येतात म्हणून मोबाइल स्क्रीनसाठी मस्त, सिस्टीम-टू-सिस्टीमला मला तरी नको. एरर आली तरी बरेचदा स्टेटस २००च (म्हणजे 'सगळं ठीक'), मग मॉनिटरिंगवर सगळं हिरवंगार आणि सपोर्टचा फोन मात्र वाजतोय.

एसएपी (एक ईआरपी) वाल्यांनी यातलं काही शोधण्याआधी ओडेटा (रेस्टचाच एक ठरलेला प्रकार) सर्व्हिस तयार मिळते का ते बघावं, बऱ्याच वेळा मिळते.