अमियोडॅरोन की ड्रोनेडॅरोन: निवड करताना काय तोलावे

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते आणि ठोके अनियमित पडू लागतात. ही लय ताळ्यावर ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी अमियोडॅरोन आणि ड्रोनेडॅरोन यांची नावे सारखी वाटतात, कारण अमियोडॅरोनच्या रेणूतील आयोडीन काढून आणि इतर काही बदल करूनच ड्रोनेडॅरोन घडवण्यात आले. अमेरिकेत त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली. हेतू असा होता की गुण टिकावा आणि त्रास टळावा. तो अर्धाच साधला.

लय टिकवण्याच्या बाबतीत अमियोडॅरोन निर्विवाद सरस आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत सरासरी सोळा महिन्यांत अमियोडॅरोन घेणाऱ्या ३५ टक्के रुग्णांमध्ये विकार परतला, तर सोटॅलॉल किंवा प्रोपाफेनोन ही लय राखणारी दुसरी औषधे घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६३ टक्के होते. ड्रोनेडॅरोनशी थेट सामना झाला तो ५०४ रुग्णांच्या डायोनिसॉस चाचणीत. तिथे लय परत बिघडण्याचे किंवा पूर्ववत न होण्याचे प्रमाण ड्रोनेडॅरोनवर ६३.५ टक्के आणि अमियोडॅरोनवर ४२ टक्के आढळले.

सुरक्षिततेचा हिशेब मात्र एवढा सरळ नाही. अमियोडॅरोनच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो, त्यामुळे थायरॉइड मंदावू शकते किंवा अतिसक्रिय होऊ शकते. शिवाय हे औषध चरबीत आणि अवयवांत साठत जाते, यकृताला आणि क्वचित फुप्फुसांना कायमची इजा करू शकते आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने, शरीरात राहते. त्वचा उन्हाला संवेदनशील होते, ही गोष्ट दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला आधीच सांगितली पाहिजे. चाचण्यांमध्ये रक्त तपासणी वेळापत्रकाप्रमाणे होते. प्रत्यक्षात जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी वर्षानुवर्षे आणली जाते, आणि थकवा वयामुळे किंवा दम धुळीमुळे आहे असे घरचे धरून चालतात. माझ्या मते अमियोडॅरोनचा खरा धोका या न झालेल्या तपासण्यांत अधिक आहे. दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताच्या चाचण्या, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे, आणि खोकला किंवा दम वाढल्यास लगेच डॉक्टरांची भेट, एवढे निभावता येणार नसेल तर ते सुरुवातीलाच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

ड्रोनेडॅरोनमध्ये हा साठण्याचा प्रश्न जवळजवळ नाही, पण चुकीच्या रुग्णाला ते घातक ठरते. ४,६२८ रुग्णांच्या अथेना चाचणीत हृदयविकारामुळे रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषध नसलेली बनावट गोळी घेणाऱ्यांमध्ये ३९.४ टक्के, तर ड्रोनेडॅरोन घेणाऱ्यांमध्ये ३१.९ टक्के होते. याउलट गंभीर हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडणे, असलेल्यांवरील अँड्रोमेडा चाचणी ड्रोनेडॅरोनच्या गटात २५ आणि बनावट गोळीच्या गटात १२ मृत्यू झाल्यामुळे मध्येच थांबवावी लागली. कायमस्वरूपी फिब्रिलेशन असलेल्यांवरील पॅलस चाचणीही २०११ मध्ये अशाच कारणाने थांबली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने यकृताच्या गंभीर इजेचा इशारा दिला. दोन रुग्णांना यकृत प्रत्यारोपण करावे लागले होते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत यकृताच्या चाचण्या आणि दर तीन महिन्यांनी ईसीजी महत्त्वाचा. फिब्रिलेशन कायमचे झाले असेल तर ही गोळी थांबते. ती दिवसातून दोनदा, जेवणासोबतच घ्यावी लागते.

बाजारात आल्यानंतरच्या नोंदींत ड्रोनेडॅरोन घेणारे अधिक सुखरूप दिसले, तरी तो आकडा जपून वाचावा, कारण वरील इशाऱ्यांनंतर डॉक्टर ही गोळी मुळात धडधाकट रुग्णांनाच देतात आणि कमकुवत हृदयाचे रुग्ण अमियोडॅरोनकडे जातात.

फिब्रिलेशनचे झटके येऊन आपोआप जातात, हृदयाची ताकद चांगली आहे आणि पुढे बरीच वर्षे गोळी घ्यायची आहे, अशा रुग्णाने कमी गुण पत्करूनही आधी ड्रोनेडॅरोनचा विचार करावा असे मला वाटते. हार्ट फेल्युअर असेल तर अमियोडॅरोन, शक्य तितक्या कमी डोसमध्ये. दोन्ही गोळ्यांमुळे डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते आणि अमियोडॅरोन वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम बराच वाढवते, म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवावी. आणि लय सुधारली म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने सोडू नये: २००२ च्या ॲफर्म चाचणीत बहुतेक पक्षाघात वॉरफरिन बंद केलेल्या किंवा त्याचा परिणाम अपुरा असलेल्या रुग्णांनाच झाले होते.